बॉयलरच्या प्लेटला गोल भोक

सणासुदीला घरात पुऱ्या होतात. मोठी पोळी लाटायची, वाटी उपडी घालून दाबायची, की गोल पुरी सुटते. पोळीत गोल भोक राहते. काम झाले.

आता पोळीच्या जागी पोलादाची प्लेट आहे असे समजा. जाडी २ सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढी. तिला ३ इंच रुंदीचे गोल भोक पाडायचे आहे. एक नाही, दीडशे. सगळी एका मापाची, आणि शेजारच्या दोन भोकांत जेमतेम बोटभर अंतर. हे काम कसे करतात, ते या धड्यात पाहू.

बॉयलर म्हणजे पाण्याची वाफ करण्याचे बंद भांडे. साखर कारखान्यात उसाचे चिपाड जाळून बॉयलर तापवतात. कापडाच्या गिरणीत तो असतो, भाताच्या गिरणीत असतो. कोळशावर चालणारे जुने इंजिन तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. त्याचे पुढचे लांबट गोल पिंप म्हणजे बॉयलरच.

पण त्याला भोके कशाला? घरचा पाणी तापवायचा बंब आठवा. पातेल्याला फक्त बुडाशी आच लागते. बंबाला मधे एक नळा असतो. त्यात आपण गोवऱ्या-लाकडे घालतो, आणि नळ्याच्या भोवती पाणी असते. म्हणून बंबातले पाणी लवकर तापते. फार जुने बॉयलरही असेच होते. एक मोठा नळा, भोवती पाणी. मग १८२९ साली इंग्लंडात स्टीफन्सन बापलेकांचे ‘रॉकेट’ नावाचे इंजिन निघाले. त्याच्या बॉयलरमध्ये एका नळ्याऐवजी तांब्याच्या २५ नळ्या होत्या, प्रत्येकी ३ इंचांच्या. लिव्हरपूलजवळ रेनहिल येथे इंजिनांची शर्यत लागली, ती रॉकेटने जिंकली. आच जेवढ्या जास्त जागी पाण्याजवळ जाईल, तेवढी वाफ लवकर.

पण हिशेब करा. नळ्या २५, प्रत्येकीला तोंडे दोन. म्हणजे ५० भोके झाली. पुढच्या काळात इंजिने मोठी झाली, नळ्या दीडशे-दोनशेवर गेल्या. भोके दुप्पट. शिवाय त्या काळी बॉयलरच्या प्लेटा एकमेकींना रिपिटा मारून जोडत. त्या प्रत्येक रिपिटीलाही भोक लागतेच.

वाफेचा जोर किती असतो, ते आता पाहू. बॉयलरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला १० किलो दाब आहे असे धरा. ३ इंचांच्या भोकाएवढ्या जागेवर तो दाब सुमारे ४५० किलो होतो. धान्याची शंभर किलोची साडेचार पोती एका लहान वाटीच्या तोंडावर ठेवल्यासारखे झाले. या दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही. सुमारे १८० अंशांपर्यंत तापून ते पाणीच राहते. बॉयलर फाटला की दाब एकदम जातो, आणि त्यातल्या बऱ्याच पाण्याची एका क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची उघड्यावर सुमारे १,६०० लिटर वाफ होते. ती जाणार कुठे? भिंती घेऊन जाते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रॉक्टन म्हणून गाव आहे. तिथे बुटांचा एक कारखाना होता. २० मार्च १९०५ रोजी सकाळी माणसे कामावर येऊन बसली होती. तेवढ्यात बॉयलर फुटला, छप्पर फोडून वर उडाला. इमारत कोसळली आणि तिला आग लागली. ५८ माणसे मेली.

चूक कुठे होती? बॉयलरच्या दोन कडा एकीवर एक ठेवून रिपिटा मारल्या होत्या. अशा जोडामुळे भांडे पुरते गोल राहत नाही. दाब चढला-उतरला की जोड थोडा थोडा वाकतो. तार पुढेमागे वाकवत राहिली तर काय होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. तशी रिपिटांच्या ओळीजवळ चीर पडली. वरच्या कडेखाली झाकलेली, म्हणून डोळ्यांना दिसली नाही. दोष एकट्या भोकांचा नव्हता. पण चीर सुरू व्हायला जागा लागते, आणि खराब कापलेल्या भोकाची कड ही तिची आवडती जागा. पुढे १९०७ साली त्या राज्याने बॉयलरसाठी कडक नियम केले. आपल्याकडे बॉयलरचा कायदा १९२३ साली झाला. २०२५ साली त्याच्या जागी नवा कायदा आला.

हे मी वर्गात सांगत होतो, तेव्हा मागे बसलेले लोहारदादा उठले.

“गुर्जी, आम्ही बी सुंब्यानंच भोक पाडतो की. फाळाला पाडतो, गाडीच्या धावंला पाडतो. आजवर एक न्हाई तडकलं.”

“दादा, सुंबा लावता तेव्हा लोखंड कसं असतं?”

“लालभडक! थंड लोखंडाला कोन सुंबा लावंल? कड फाटंल त्याची.”

दादांनी माझे अर्धे काम केले. तापलेले लोखंड मऊ असते, ते दबते आणि बाजूला सरकते. पण बॉयलरच्या कारखान्यात पूर्वी यंत्राचा सुंबा थंड प्लेटवरच चालवीत. खाली भोकाचा साचा, वरून सुंबा, मधे प्लेट. एक दाब दिला की चकती खाली. पुरी पाडावी तसे. काम झटपट होई, म्हणून मालकाला ते स्वस्त पडे. पण थंड पोलाद कापले जात नाही, तुटते. भोकाभोवतीचा भाग चेचून कडक होतो. बारीक चिरा पडतात, इतक्या बारीक की नखाला लागत नाहीत. भोकही सरळ नसते, खालच्या अंगाला रुंद होते. दोन प्लेटांची भोके जुळली नाहीत, तर कारागीर निमुळती पहार ठोकून ती ओढून जुळवीत. म्हणजे दुखावलेल्या जागेवर आणखी घाव.

याला उतारा होता. भोक लहान पाडायचे, मग भोवतीचा चेचलेला भाग कापून ते मापाला आणायचे. किंवा प्लेट तापवून सावकाश निवू द्यायची. पण शहाण्या कारखान्यांनी पुढे सुंबाच सोडला. लोखंडाच्या जागी पोलादाच्या प्लेटा आल्या, तेव्हापासून भोक कापूनच करावे असा आग्रह वाढला.

लहान भोक गिरमिटासारख्या ड्रिलने पडते. पण ३ इंचांचे भोक तसे पाडायचे तर भोकातले सगळे पोलाद किसून काढावे लागेल. त्याचे वजन सुमारे ७०० ग्रॅम. एवढा कीस फुकट काढायचा कशाला? आपल्याला भोक हवे आहे, कीस नको आहे. म्हणून वेगळे हत्यार आहे. इंग्रजीत त्याला ट्रिपॅनिंगचे हत्यार म्हणतात. कवटीच्या हाडाची गोल चकती काढण्याच्या डॉक्टरी हत्याराचेही हेच नाव आहे.

हे हत्यार समजायला खळ्यात चला. खळ्याच्या मधे तिवडा रोवलेला असतो. त्याला बांधलेला बैल गोल फिरतो. दोरी जेवढी लांब, तेवढे रिंगण मोठे. या हत्यारातही मधे एक गुळगुळीत दांडी असते, तो तिवडा. दांडीला आडवा हात असतो, ती दोरी. हाताच्या टोकाला कडक पोलादाचे धारेचे दात बसवलेले असते, तो बैल. दात आत-बाहेर सरकवून भोकाचे माप ठरवतात आणि स्क्रूने पक्के आवळतात.

आधी खुणेच्या जागी लहान भोक पाडायचे, २० मिलिमीटरचे. त्यात मधली दांडी बसवायची. यंत्र सुरू केले की दांडी जागेवर फिरते आणि दात भोवती रिंगण कापत खाली उतरतो. तो मधल्या पोलादाला हात लावत नाही. फक्त ६ मिलिमीटर रुंदीचा चर काढतो. चर आरपार गेला की मधली चकती अख्खी सुटते. वजने पाहा. चराचा कीस सुमारे २०० ग्रॅम, लहान भोकाचा ५० ग्रॅम, आणि चकती साडेचारशे ग्रॅम.

दात एकच असला तर तो दांडीला एका अंगाला रेटतो. एकच बैल तिवड्याला ओढतो तसे. म्हणून चांगल्या हत्याराला समोरासमोर दोन दात असतात. दोघांचा रेटा एकमेकांना झेलतो आणि भोक गोल राहते.

वेग किती ठेवायचा? धार मिनिटाला सुमारे १५ मीटर चालावी असे धरू. भोकाचा घेर २४ सेंटिमीटर. १५ मीटर म्हणजे १,५०० सेंटिमीटर. त्याला २४ ने भागा. पाटीवर करून पाहा, ६२ च्या आसपास येते. मिनिटाला ६० फेरे, त्याहून जास्त नको. चर खोल होत गेला की आणखी कमी करावे. घाई केली तर दाताची धार जळते. वरून साबणाचे पाणी किंवा तेल सोडत राहायचे, म्हणजे दात थंड राहतो आणि कीस निघून जातो.

सर्वांत जोखमीची वेळ शेवटची. प्लेट पातळ उरली की दात एकदम आत ओढला जातो आणि तुटतो. यावर कारागिरांची एक युक्ती आहे. अर्धी जाडी कापून झाली की प्लेट उलटी करतात आणि दुसऱ्या बाजूने कापतात. मधले लहान भोक आरपार असते, म्हणून दोन्ही रिंगणे एकाच मध्यावर येतात. चर मध्यावर भेटतात.

आणखी एक. हा आडवा हात मिनिटाला ६० फेरेच फिरतो, तरी त्याला हलके समजू नका. त्यात बोट गेले तर गेले. प्लेट शिकंज्याने घट्ट बांधलेली हवी. सैल बाही, उपरण्याचे टोक, हातमोजे, फिरत्या हत्याराजवळ यांपैकी काही चालत नाही. कीस हाताने ओढायचा नाही, यंत्र थांबवून ब्रशने काढायचा.

भोक झाले म्हणजे काम संपले असे नाही. कडेची धार कानशीने मोडावी लागते, नाहीतर ती नळीलाच कापते. मग नळी भोकात घालून आतून रूळ फिरवतात. नळी फुगते आणि भोकाला घट्ट चिकटते. तिथून थेंबही गळता कामा नये. आता भोकाच्या आतल्या अंगावर ओरखडा राहिला असेल तर? शेतकऱ्याला हे लगेच कळेल. उताराला आडवी सरी पाणी अडवते, उताराच्या दिशेने काढलेली सरी पाणी वाहून नेते. भोकाभोवती गोल फिरलेला ओरखडा एक वेळ चालतो. पण या तोंडापासून त्या तोंडापर्यंत गेलेला एक बारीक ओरखडा पुरतो. दाबाचे पाणी त्याच वाटेने बाहेर येते. म्हणून हत्यार कसेतरी सरळ वर ओढणारा कारागीर वस्तादाच्या शिव्या खातो.

जाता जाता एक गंमत. बॉयलरच्या आत माणूस उतरायला जे दार असते, ते बहुधा गोल नसते, लांबट असते. का? त्याचे झाकण आतून लावतात, म्हणजे वाफेचा दाबच ते घट्ट बसवतो. झाकण दारापेक्षा मोठे हवे. गोल दारातून त्याहून मोठे गोल झाकण आत जाणार नाही. लांबट झाकण मात्र तिरके करून आत घालता येते.

आज बॉयलरच्या प्लेटा रिपिटांऐवजी वेल्डिंगने जोडतात. भोकांच्या जागा यंत्र आपणच मोजते. नळीसारखे गोल, कडेला दातच दात असलेले कटरही निघाले आहेत. तेही चरच कापतात, मधला भाग अख्खा सोडतात. नळ्या बसवायला गोल भोके अजून लागतातच.

धडा झाल्यावर मी अशी एक चकती वर्गात फिरवली. कारखान्यातल्या ओळखीच्या कामगाराने ती दिली होती. मधे भोक, कडा चकचकीत. ती हातोहात मागे गेली. लोहारदादांनी कंदिलाजवळ धरली, अंगठ्याचे नख कडेवरून वरून खाली फिरवले. जाडीच्या मधोमध नख अडले. तिथे केसाएवढा कंगोरा होता.

“दोन्ही अंगांनी कापलीया,” ते म्हणाले, आणि चकती शेजाऱ्याच्या हातात दिली.