फुलांचा निळा छाप: खर्च नेमका कशावर होतो?

ठाण्याच्या नौपाड्यात सायनोटाइप करायचं तर ऊन गच्चीवर फुकट आहे आणि रसायनंही स्वस्त पडतात. खरा पैसा कागदावर आणि फ्रेमवर जातो. तिथे हात आखडू नका. खाली दिलेले भाव अंदाजी आहेत, घेण्याआधी विचारून घ्या.

लोखंडाच्या क्षारांवर उन्हाने निळा छाप उमटवण्याची ही पद्धत जॉन हर्शेलने 1842 मध्ये शोधली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सने समुद्री शेवाळांचे छाप काढायला घेतले, नंतर फुलझाडांचे आणि नेच्यांचेही. तिने कॅमेरा वापरला नाही, वनस्पती थेट कागदावर ठेवली. तुम्हीही तसंच सुरू करा. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोसाठी छापाच्या मापाची निगेटिव्ह लागते, आणि ती पारदर्शक फिल्मवर छापून घ्यायला ए-फोर मापाला 50 ते 100 रुपये पडतात.

रसायनं दोनच: फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवं) आणि पोटॅशियम फेरीसायनाइड. पहिलं 25 ग्रॅम आणि दुसरं 10 ग्रॅम, वेगवेगळ्या 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात. वापरताना समप्रमाणात एकत्र करायचं. एका ए-फोर कागदाला दोन-तीन मिली पुरतं, म्हणजे एवढ्यात 70 ते 100 छाप निघतात आणि रसायनाचा खर्च छापामागे एक-दोन रुपयांवर जात नाही. अडचण एवढीच की मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटसारख्या ठिकाणी बाटली बहुधा 500 ग्रॅमची मिळते; दोन्ही मिळून दीड ते अडीच हजार. चौघांनी मिळून घ्या, वाटून घ्या. घरी स्वयंपाकाची भांडी वापरू नका, हातमोजे घाला, आणि फेरीसायनाइडजवळ ॲसिड मुळीच आणू नका. बाथरूमची फरशी घासायचं ॲसिडही नको, त्यातून विषारी वायू निघू शकतो.

कागद 300 जीएसएमचा, शंभर टक्के कापसाचा घ्या. ए-फोर तावाला 40 ते 80 रुपये. स्वस्त कागद धुताना फुगतो, तुटतो, आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागदही करून बघण्यासारखा आहे, मात्र आधी एकच ताव आणा. वर ठेवायला पाच मिलिमीटरची काच, कडा घासून, 150 ते 300 रुपयांत होते.

फुलं जांभळी नाक्यावर किंवा कोपऱ्यावरच्या फुलपुडीवाल्याकडे मिळतील. झेंडू घेऊ नका, त्याचा नुसता पांढरा गोळा उमटतो. सदाफुली, तेरडा, पातळ पाकळीची जास्वंद वहीत दाबून चार-पाच दिवस सुकवा. ओलं फूल डाग पाडतं. फूल ठेवलेला कागद स्वच्छ उन्हात 10 ते 20 मिनिटं ठेवायचा, मग साध्या पाण्याने धुवायचा. पावसाळ्यात ढग आणि दमट हवा, रसायन लावलेला कागद वाळतच नाही. ऑक्टोबरनंतर सुरुवात करा.

एवढाही खर्च नको असेल तर हळद स्पिरिटमध्ये कालवून कागदावर लावा, फूल ठेवून काही तास उन्हात ठेवा, मग टाकणखाराच्या पाण्यात बुडवा. कॅरमची बोरिक पावडर चालत नाही. हा छाप मात्र काही काळाने फिका पडतो.

फ्रेमला 700 ते 1,500 रुपये धरा. दुकानदाराला ॲसिडमुक्त, पण चुना न मिसळलेला माउंट मागा. अल्कलीने सायनोटाइपचा निळा रंग उडतो. भिंतीवर थेट ऊन येत असेल तर जागा बदला. उन्हाने फिका पडलेला निळा छाप काही दिवस अंधारात ठेवला की रंग बराचसा परत येतो, तेव्हा लगेच टाकून देऊ नका.