दानीएलाची शाळा आणि आपली मुले

(दहावी-बारावीच्या शब्बाथशाळा वर्गासाठी पाठ)

शास्त्रवाचन : दानीएल 1:1-21, यिर्मया 29:4-7

उद्देश : शिक्षण, व्यवसाय व समाज यांत पाऊल टाकताना देवाशी विश्वासू राहण्यास मुलांना तयार करणे.

शिक्षकांसाठी

दहावीचा निकाल लागला की आपण उत्तीर्ण मुलांना मंडळीपुढे बोलावतो व त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली पाच मुले अशी पुढे आली. सहावा गणितात नापास झाला होता. तो शेवटच्या बाकावर बसून राहिला. त्याचे नाव कोणी घेतले नाही; मीही घेतले नाही. पुढल्या रविवारपासून तो आला नाही. पुरवणी परीक्षा असते, एवढे सांगायला मी त्याच्या घरी गेलो तो महिन्याने. तोवर फॉर्मची तारीख निघून गेली होती. हा पाठ मी आधी माझ्यासाठी लिहीत आहे.

पाठाचे विवेचन

1. विद्या : दानीएल व त्याचे तीन सोबती बाबेलात बंदिवान होते. तेथे त्यांना तीन वर्षे खास्द्यांची विद्या व भाषा शिकायची होती. परकी म्हणून त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली नाही. आपल्या मुलांचेही तसेच आहे : घरी मराठी; बाहेर कुठे कानडी, कुठे गुजराथी, कुठे तेलुगू; आणि कॉलेजात इंग्रजी. 1831 साली बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी मिशन शाळेत व पुढे मुंबईस इंग्रजी शिकले. 1854 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि 1857 साली ‘यमुनापर्यटन’ लिहिले ते मराठीत. नवी विद्या घेतली म्हणून आपली भाषा सोडावी लागत नाही.

2. निर्धार : आठवे वचन नीट वाचून घ्या. ताटावर बसण्यापूर्वीच दानीएलाचा मनाशी निर्धार झाला होता. मग त्याने भांडण न करता नम्रपणे विनंती केली व दहा दिवसांची परीक्षा मागितली. होस्टेलात दारूचा पेला पुढे आल्यावर किंवा परीक्षेत कॉपीची चिठ्ठी हाती आल्यावर विचार करू म्हटले, तर फार उशीर होतो.

3. व्यवसाय : डॉक्टर व इंजिनिअर एवढेच मार्ग नाहीत. दहावीनंतर आय.टी.आय. आहे, तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. डिप्लोमावाल्यास पुढे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. बारावीनंतर नर्सिंगचा तीन वर्षांचा जी.एन.एम. किंवा चार वर्षांचा बी.एस्सी. अभ्यासक्रम आहे. चौघांनाही ज्ञान देवाने दिले, पण स्वप्नांचा उलगडा एकट्या दानीएलास (वचन 17). सर्वांचे दान एक नसते.

एक व्यवहाराची गोष्ट. दानीएलाची दोन नावे होती. आपल्या पुष्कळ मुलांचीही असतात, एक बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर व दुसरे शाळेच्या. बोर्डाचा फॉर्म भरण्यापूर्वीच नाव व जन्मतारीख तपासून घ्या. पुढे दुरुस्तीस फार हेलपाटे पडतात.

4. समाज : बाबेलात नेलेल्या लोकांना यिर्मयाने पत्र पाठवले : घरे बांधा, मळे लावा, ज्या नगरात आहात त्याचे हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा. आपण जेथे राहतो ते गाव आपलेच आहे. अठरा वर्षे पूर्ण होताच मतदार यादीत नाव घालणे, शेजाऱ्याच्या मुलाला अभ्यास शिकवणे, रक्तदान करणे, हेही त्या हितातच येते.

वर्गात करावयाचे

प्रत्येकाने घर सोडण्यापूर्वीचा आपला एक निर्धार कागदावर लिहून आपल्याजवळ ठेवावा. परगावी जाणाऱ्यांची यादी करून तेथील मंडळीच्या पाळकांना पत्र द्यावे.

प्रश्न

1. दानीएलाने कोणती गोष्ट स्वीकारली व कोणती नाकारली? का?
2. आपल्या गावाचे हित पाहण्यासाठी आपण या महिन्यात काय करू शकतो?
3. नापास झालेल्या सोबत्याच्या घरी आपल्यापैकी कोण जाईल? कधी?

प्रार्थना : हे प्रभू, पुढे आलेल्यांना नम्रता दे, मागे राहिलेल्यांना धीर दे, आणि शेवटच्या बाकापर्यंत आमची नजर पोहोचू दे. आमेन.