आजारपणात राजीनामा लिहू नका

चाकण-महाळुंग्याच्या पट्ट्यात मन आजारी पडलं असं कुणी सांगत नाही. अंग दुखतंय, पित्त झालंय, नाईटमुळे झोप उडालीय, एवढंच सांगतात. माझंही तेच चाललं होतं. आधी पित्ताच्या गोळ्या झाल्या, मग ताकदीची इंजेक्शनं. आईने दृष्टही काढली. गुण कशानेच आला नाही.

सुट्या भागांच्या एका कंपनीत मी क्वालिटीला होतो. प्लग गेज भोकात घालायचं. 'गो'ची बाजू आत गेली आणि 'नो-गो'ची अडली, की पीस पास. डोळे झाकून करावं असं काम, पण पुढे पुढे गेज घालून काढलं तरी ते गेलं की अडलं, हेच आठवेना. तोच पीस परत उचलायचो, परत तपासायचो. ट्रे साचायचे आणि लाईन माझ्यापाशी अडायची. सुपरवायझर ओरडायचा, "लक्ष कुठंय भावा?" नैराश्यात लक्षही जातं, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलेलं? मी गेजवर होतो म्हणून निभावलं. प्रेसवर असतो तर बोटं गेली असती.

झोप यावी म्हणून संध्याकाळी थोडी घ्यायला लागलो. दारूने डोळा लागतो, पण पहाटे तीनला जाग येते आणि मन आणखी खाली जातं. शुगरची गोळी राहू लागली, शुगर चढली. नैराश्य आणि मधुमेह एकमेकांना खतपाणी घालतात. मग 'आपण नसलेलंच बरं' असं वाटू लागलं. त्याच काळात मी राजीनामा दिला. ग्रॅच्युइटीला लागणारी सलग ५ वर्षं भरायला थोडेच महिने उरले होते. 'आपल्याच्याने आता काहीच होणार नाही' हे त्या आजाराचं बोलणं होतं, पण कागदावर सही माझी होती.

शेवटी ताईने हाताला धरून पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात नेलं. केसपेपर काढला, मानसोपचार विभागात बसलो. डॉक्टरांनी थायरॉईड तपासायला सांगितलं, कारण त्यानेही असं होतं. मग गोळी सुरू केली. ती दुसऱ्या दिवशी काम करत नाही, २ ते ६ आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळतं, आणि तिथेच पुष्कळ जण सोडून देतात. बरं वाटल्यावरही निदान ६ महिने चालू ठेवायची आणि थांबवायची ती डॉक्टरांना विचारूनच. या गोळ्यांची चटक लागत नाही. आजार सौम्य असेल, तर नुसत्या समुपदेशनावरही भागतं.

निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्याच्या १०० पैकी सुमारे ८५ रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. आपल्या पट्ट्यात दवाखाने कमी नाहीत, लाज जास्त आहे.

दोन आठवडे रोजच मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टर गाठा. नोकरी सोडणं, गावची जमीन विकणं, असले निर्णय बरं वाटेपर्यंत बाजूला ठेवा. ईएसआय कापला जात असेल, तर चिंचवडला मोहननगरमध्ये रुग्णालय आहे. अटी पूर्ण असतील, तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, आणि दीर्घ आजारांच्या यादीत काही मानसिक आजारही आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांनाही शरीराच्या आजारासारखंच मनाच्या आजाराला संरक्षण देणं बंधनकारक केलं आहे. मरणाचे विचार येत असतील, तर वाट पाहू नका. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मला ताई होती. निघोजे, खराबवाडीच्या खोल्यांत बीड-लातूर-बुलढाण्याची पोरं एकटी राहतात. तुमचा रूम पार्टनर शिफ्ट चुकवून भिंतीकडे तोंड करून पडून राहत असेल, तर 'जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का रे?' असं त्याला सरळ विचारा. विचारल्याने तसला विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. आणि एक खाडा पडला तरी चालेल, पण त्याच्यासोबत केसपेपरच्या रांगेत उभे राहा.