बाप्तिस्मा एक, रीती दोन



पोटापाण्यासाठी आपल्या खेड्यांतील पुष्कळ कुटुंबे वाशी, नेरूळ, पनवेल अशा नव्या मुंबईच्या वस्त्यांत जाऊन राहिली आहेत. तेथे उपासनेस एकाच बाकावर निरनिराळ्या मिशनांची लेकरे बसतात. अहमदनगरकडील (आताचे अहिल्यानगर) घराण्यांत तान्ह्या बालकास पाणी शिंपडून बाप्तिस्मा देण्याची चाल आहे. डहाणूकडे ब्रदरन मिशनाने लावून दिलेली चाल निराळी. मूल जाणते होऊन स्वमुखे विश्वास कबूल करी, तोवर थांबावयाचे. मग ते पाण्यात गुडघे टेकते आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने त्यास तीन वेळा बुडविले जाते.

आता यांत खरा बाप्तिस्मा कोणाचा? हा वाद शहरात पेटतो आणि त्याची झळ गावास लागते. एखादा तरुण नाताळास घरी येतो, बालपणीचा आपला बाप्तिस्मा व्यर्थ होता असे म्हणतो, आणि आईबरोबर प्रभुभोजनास बसण्याचे नाकारतो. ज्या माउलीने त्यास देवापुढे आणिले, तिने काय समजावे?

प्रथम शास्त्राकडे पाहू. फिलिप्पैच्या बंदिशाळेच्या नायकाचा त्याच्या सर्व माणसांसह त्याच रात्री बाप्तिस्मा झाला (प्रेषित १६). त्या घरात तान्हे मूल होते किंवा नव्हते, हे लूकने लिहिले नाही. म्हणून दोन्ही पक्ष हाच अध्याय पुढे करितात! करिंथकरांस लिहिताना पौल क्रिस्प, गायस व स्तेफनाचे घराणे एवढी नावे घेतो, आणि आणखी कोणाचा बाप्तिस्मा आपण केला की नाही हे आठवत नाही, असे मोकळेपणाने कबूल करितो. तो बाप्तिस्म्यास हलके लेखीत होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु बाप्तिस्मा देणाऱ्याच्या नावावरून मंडळीत तट पडावेत, हे त्यास असह्य झाले होते.

पाण्याविषयीही तसेच. ‘बारा प्रेषितांची शिकवण’ या फार प्राचीन ग्रंथात वाहते पाणी उत्तम मानिले आहे. ते नसल्यास दुसरे चालते, आणि तेही पुरेसे नसेल तर मस्तकावर तीन वेळा ओतावे, असे सांगितले आहे. ज्यांच्या विहिरी फाल्गुनातच आटतात त्या आपल्या लोकांस ही सवलत चांगली समजेल.

आपल्याच महाराष्ट्रात या प्रश्नाचा मोठा निवाडा झालेला आहे. १९२९ सालापासून चाललेल्या विचारविनिमयानंतर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. तीत बालकांस बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, तसेच तो न देणारे बाप्टिस्ट व ब्रदरनही होते. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवपण, त्याचे मरण व पुनरुत्थान यांविषयी त्यांच्यात दुमत नव्हते. प्राचीन मतांगीकार सर्वांनी मान्य केले. बाप्तिस्म्याच्या वयाविषयी मात्र कोणासही आपली समजूत सोडावयास लाविले नाही. दोन्ही रीती ग्राह्य ठरल्या, व एका कुटुंबाने पुढे कोणती स्वीकारावी हे त्याच्या विवेकावर सोपविले. मला हा निर्णय धीराचा वाटतो. एकच रीत सर्वांवर लादणे सोपे होते, पण तसे करिते तर निम्मी माणसे दाराबाहेर राहती.

या निर्णयात एक अडचण उरतेच. बालपणी बाप्तिस्मा झालेला मनुष्य पुन्हा बाप्तिस्मा मागू लागला तर? उपदेशकाने घाईने त्यास तळ्यावर नेऊ नये, आणि पाखंडी म्हणून हाकलूनही देऊ नये. त्याच्या मनास कोणती तळमळ लागली आहे ते शांतपणे ऐकावे. पुष्कळदा त्यास आपला विश्वास चारचौघांत बोलून दाखवावयाचा असतो, आणि त्यासाठी दृढीकरणाचा विधी आहेच. तरीही समाधान न झाल्यास पाळकाने प्रकरण बिशपांकडे न्यावे. स्वतःच्या अधिकारात निकाल देऊ नये.

आणि एक. कुटुंब शहरास निघेल तेव्हा मंडळीचे शिफारसपत्र त्याच्या हाती अवश्य द्या. त्यात प्रत्येकाच्या बाप्तिस्म्याची तारीख, ठिकाण व रीत वहीवरून उतरवावी, म्हणजे नेरूळच्या पाळकास तर्क करीत बसावे लागणार नाही.