रंगीत छपाई : यंत्र घ्यावे की काम बाहेर द्यावे?

खर्डीसारख्या गावात झेरॉक्स व टायपिंगचे दुकान चालविणाऱ्या आपल्या बांधवांपुढे एक प्रश्न हमखास येतो. निकाहाच्या पत्रिका, मसाल्याच्या पाकिटांची लेबले, शाळेची प्रमाणपत्रे अशी रंगीत कामे गिऱ्हाईक घेऊन येते आणि दुकानदार ती लोकलने कल्याणला नेऊन छापून आणतो. मग मनात येते, कर्ज काढून आपणच यंत्र का घेऊ नये? त्याचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

रंगीत लेसर यंत्रे दोन प्रकारची. ऑफिस प्रिंटर टेबलावर मावतो व किमतीला हलका असतो. प्रॉडक्शन यंत्राला स्वतंत्र खोली, एसी व शिकलेला माणूस लागतो, आणि किंमत अनेक लाखांत जाते.

टोनरचा खर्च

टोनरच्या डब्यावर ‘२,००० पाने’ लिहिलेले असते. हा आकडा दर रंगाने पानाचा सुमारे ५ टक्के भाग व्यापला असे धरून काढलेला असतो. समजा डबा ४,००० रुपयांचा आहे. म्हणजे पानामागे एका रंगाचे २ रुपये, चार रंगांचे ८ रुपये. पण पत्रिकेवर रंगीत पार्श्वभूमी असेल आणि प्रत्येक रंग २० टक्के लागला, तर तेच पान ३२ रुपयांना पडते. कागद, ड्रम व फ्यूजर यांचा खर्च निराळा.

प्रॉडक्शन यंत्राला बहुधा ‘क्लिक’चा करार असतो. पानामागे ठरलेला दर, त्यात टोनर, सुटे भाग व दुरुस्ती. रंग कमी लागो वा जास्त, दर साधारणपणे तोच. म्हणून भरगच्च रंगाचे काम तेथे स्वस्त पडते.

किती काम हवे?

उदाहरणादाखल, प्रॉडक्शन यंत्राचा हप्ता, वीज व पगार मिळून महिना ६५,००० रुपये आणि क्लिक ४ रुपये धरू. बाहेर छापून घेण्याचा दर १२ रुपये धरला, तर पानामागे ८ रुपये वाचतात. खर्च भरून निघण्यासच महिन्याला ८,१२५ पाने हवीत. २०० पत्रिकांच्या कामाला, एका पानावर दोन बसविल्या तर, १०० पाने लागतात. म्हणजे दरमहा अशी ८० हून अधिक कामे! लग्नसराईत ती मिळतीलही, पण हप्ता पावसाळ्यातही भरावा लागतो.

दर्जाचे काय?

जाड कागद, पहिल्या व हजाराव्या प्रतीचा सारखा रंग आणि दोन्ही बाजूंची अचूक जुळणी यांत प्रॉडक्शन यंत्र सरस. अनेक छोट्या ऑफिस प्रिंटरना ३०० जीएसएमचे कार्ड झेपत नाही. बारीक उर्दू वा मराठी मजकूर चार रंगांच्या मिश्रणातून नव्हे, केवळ काळ्या रंगात छापावा. नाहीतर नुक्ते व अनुस्वार पुसट दिसतात. खरा सोनेरी रंग साध्या चार रंगांतून कोणत्याच यंत्रावर येत नाही. त्याला फॉइल लागते. आपल्याकडे पावसाळ्यात कागद ओल धरतो, वाकतो व यंत्रात अडकतो. तो बंद पिशवीतच ठेवावा.

आमचा सल्ला

लेटरहेड, बिले, प्रमाणपत्रे अशी कमी रंगाची थोडकी कामे ऑफिस प्रिंटरवर करावीत. वरच्या हिशेबाने ८ रुपयांचे पान १२ ला विकूनही थोडेफार सुटते. भरगच्च पत्रिका बाहेरूनच छापून घ्याव्यात. घरी ३२ रुपये घालवून १२ रुपयांचे काम करण्यात शहाणपण नाही. सहा महिने प्रत्येक रंगीत कामाची पाने वहीत मांडावीत. यंत्र विकणाऱ्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : क्लिकमध्ये काय काय येते, ए-३ पान एक मोजतात की दोन, आणि दरमहा किमान किती क्लिकचे पैसे भरावे लागतात. शिवाय यंत्र बिघडल्यास कारागीर खर्डीपर्यंत किती तासांत येईल, हेही ठरवून घ्यावे. वहीतला आकडा सहाही महिने भरला, तरच कर्जाच्या कागदावर सही करावी.