औषध सोडायचे, पण उतरत्या मापाने

आमच्या तेल्हारा भागात सांधेदुखीवर आठवडी बाजारातून पुड्या आणून खाण्याची सवय जुनी आहे. पुडी घेतली की दोन दिवसांत दुखणे पळते, भूक लागते, बाई निंदायला जाऊ लागते. मग पुडी सुटत नाही. वाचकहो, आज मी सांगणार आहे ती गोष्ट पुडी सुरू करण्याची नाही, ती बंद करण्याची आहे. आणि त्यात चूक माझी स्वतःची आहे.

काही वर्षांपूर्वी हिवरखेडकडच्या एका खेड्यातून साधारण पंचावन्न वर्षांच्या एक बाई दवाखान्यात आल्या. चेहरा गोल व सुजल्यासारखा, हातावर जरा धक्का लागला की काळेनिळे डाग, रक्तातील साखर वाढलेली. दोन वर्षांपासून रोज पुडी चालू होती. पुडीत स्टेरॉइड असणार हे मी ओळखले. मी रागावलो आणि म्हणालो, “हे विष आहे. आजच फेकून द्या.” बाईंनी मान डोलावली. मला वाटले, चांगले काम झाले.

नवव्या दिवशी त्यांच्या मुलाने त्यांना उचलून आणले. दोन दिवस ताप, उलट्या, अंगात उभे राहण्याचेही त्राण नाही. रक्तदाब ८० च्या खाली, नाडी मंद लागलेली, साखर उतरलेली. मी विचारले, “मावशी, पुडी घेतली होती का?” त्या कशाबशा बोलल्या, “नाई जी साहेब. तुमीच सांगतलं ना फेकून दे म्हून. त्याच दिवशी फेकून देल्ली.”

ते ऐकून माझ्या लक्षात आले की बाईंनी माझा शब्द तंतोतंत पाळला होता. शब्दच अर्धा होता. शिरेतून सलाईन आणि १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दिले आणि त्यांना अकोल्याला पाठवले. त्या वाचल्या. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

असे का होते, ते समजून घेऊ. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या वर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क किंवा अॅड्रिनल ग्रंथी म्हणतात. ती रोज कॉर्टिसॉल नावाचा रस तयार करते. रक्तदाब टिकवणे, साखर सांभाळणे, ताप, जखम किंवा शस्त्रक्रियेचा धक्का सोसणे, ही कामे त्याच्यावाचून होत नाहीत. या ग्रंथीला हुकूम येतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून. बाहेरून गोळीने स्टेरॉइड मिळू लागले की पीयूषिका म्हणते, माल भरपूर आहे, आता हुकूम कशाला? हुकूम थांबतो आणि अधिवृक्क ग्रंथी हळूहळू सुकते. घरची सगळी शेती वर्षानुवर्षे सालदारच करीत असेल आणि तो एके दिवशी एकाएकी निघून गेला, तर मालकाला बैल जुंपणेही जमत नाही. तसेच हे आहे.

स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला प्रथम कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडाल व राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण १९५२ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात एक इशारा छापून आला. कॉर्टिसोन घेतलेला संधिवाताचा एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर शॉकमध्ये गेला व दगावला. शवचिकित्सेत त्याच्या अधिवृक्क ग्रंथी सुकलेल्या आढळल्या.

आता थोडे विषयांतर वाटेल, पण ते नाही. बैलगाडीचा लाकडी आस सुतार मधे जाड ठेवतो आणि टोकांकडे निमुळता करीत नेतो. टोकाशी तो बारीकच लागतो, त्यात चूक नाही. पण जाडीवरून बारीकवर एकदम पायरी पाडली, तर भरली गाडी खड्ड्यात आदळताच आस नेमका त्या पायरीवर मोडतो. सारा ताण त्या कोपऱ्यात एकवटतो. म्हणून चांगला सुतार उतार हळूहळू देतो.

हाच धडा महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. सातारा जिल्ह्यातील कोयना धरण १०३ मीटर उंच. तळाशी त्याची जाडी सुमारे ७० मीटर आणि माथ्यावर सुमारे १५ मीटर. धरण वर निमुळते असणे योग्यच, कारण पाण्याचा दाब तळाशी जास्त आणि वर कमी असतो. पण कोयनेच्या भिंतीचा मागचा उतार माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली एकदम बदलतो. धरणात पाणी भरले, वर्षे गेली, काही बिघडले नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि भिंतीला आडव्या भेगा पडल्या त्या मुख्यतः त्याच उंचीच्या आसपास. धरण टिकले, पुढे काँक्रीटचे टेकू देऊन ते मजबूत करण्यात आले.

माझ्या रुग्णाचेही तसेच झाले. पुडी एकदम बंद केल्यावर पहिले काही दिवस त्या कशाबशा चालत्या-बोलत्या होत्या. मग साधा ताप आला. धडधाकट माणूस जो ताप दोन दिवस अंगावर काढतो, त्यानेच त्यांचे शरीर कोसळले. एकदम पाडलेली पायरी शांत काळात दिसत नाही, धक्का बसला की दिसते.

म्हणून डॉक्टर स्टेरॉइडची मात्रा उतरती ठेवतात. यात एक हिशेब आहे. ४० मिलिग्रॅमवरून ३५ वर आलो तर आठवा हिस्सा कमी झाला. पण १० वरून ५ वर आलो तर निम्मे गेले! कमी केलेले मिलिग्रॅम तेवढेच, शरीराला बसणारा धक्का मात्र कितीतरी मोठा. शिवाय शरीराची रोजची गरज प्रेडनिसोलोनच्या हिशेबात साधारण ५ मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणून वरच्या मात्रेत पावले मोठी चालतात, खाली येताना ती लहान लहान करावी लागतात, कधी एकेक मिलिग्रॅमची. ग्रंथी पूर्ण जागी व्हायला काही महिने, कधी वर्षही लागते. हे वेळापत्रक प्रत्येकाचे वेगळे असते. ते डॉक्टरांनीच ठरवावे.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे:

१) स्टेरॉइड साधारण तीन आठवड्यांहून जास्त चालले असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नये. दम्याच्या झटक्यासाठी डॉक्टरांनी दिलेला पाच-सात दिवसांचा क्रम सहसा सरळ थांबवता येतो, पण तोही त्यांना विचारूनच.

२) अनोळखी पुडी घेत असाल तर ती फेकू नका. डॉक्टरकडे घेऊन या आणि किती दिवस घेतली ते लाजेविना सांगा.

३) मात्रा उतरत असताना व त्यानंतरचे वर्षभर ताप, उलट्या, अपघात किंवा शस्त्रक्रिया असे काही आले, तर “मी स्टेरॉइड घेत होतो” हे प्रथम सांगा. तशी चिठ्ठी खिशात ठेवा.

४) अतिशय थकवा, उठताना अंधारी, उलट्या, पोटदुखी ही धोक्याची खूण आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

५) फिट येण्याच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, रक्तदाब व हृदयाच्या काही गोळ्या याही एकाएकी सोडू नयेत. मात्र सर्वच औषधांना हा नियम नाही. क्षयरोगाची औषधे मनाने कमी करीत नेणे घातक आहे. ती सांगितल्या मात्रेत, सांगितल्या मुदतीपर्यंतच घ्यायची असतात.

त्या मावशींची मात्रा उतरवायला आम्हाला अकरा महिने लागले. सांध्यांसाठी अकोल्याच्या तज्ज्ञांनी वेगळे औषध दिले. चेहऱ्याची सूज गेली, साखर आटोक्यात आली. शेवटची गोळी बंद केली त्या दिवशी त्या म्हणाल्या, “साहेब, आता फेकू ना जी?”

तेव्हापासून माझ्या दवाखान्यात “हे बंद करा” असे मी कोणालाही नुसते सांगत नाही. कसे बंद करायचे, तेही त्याच चिठ्ठीवर तारखांसह लिहून देतो.