मिठाच्या डब्यातला समुद्र

बोरगाव मेघेतून कोणत्याही दिशेला निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. तरीही इथल्या प्रत्येक घरात तो दिवसातून दोनदा चुलीपाशी हजर असतो, मिठाच्या डब्यात. वर्धा जिल्ह्यातल्या माणसानं समुद्राच्या प्रकृतीची चिंता का करावी, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी आजचा सल्ला त्या डब्यापासूनच वाचायला घ्यावा.

माणसाच्या अंगातही खारं पाणी वाहतं. दवाखान्यात लावतात त्या साध्या सलाइनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं; समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम. रक्तातलं हे प्रमाण राखण्याचं काम मूत्रपिंडं रात्रंदिवस करतात. खाण्यातलं मीठ वाढलं, की ते पातळ करण्यासाठी शरीर पाणी धरून ठेवतं. मग रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढतो, रक्तदाब चढतो, आणि तो वर्षानुवर्षं चढलेलाच राहिला तर हृदय, मेंदू आणि खुद्द मूत्रपिंडं यांची झीज होते. दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशातल्या प्रौढांची सरासरी ८ ग्रॅम निघाली. पुरुषांची तर ९ ग्रॅमच्या जवळ. भाजीतलं मीठ डोळ्यांना दिसतं, त्यामुळे सगळा राग त्याच्यावर निघतो. पण लोणचं, पापड, शेव, चिवडा आणि तर्रीपोह्यांवर पडणारं फरसाण यांचा हिशेब कुणीच ठेवत नाही. सुके झिंगे आणि बोंबील यांतही भरपूर मीठ असतं. ते दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या आणि त्या कालवणात वरून मीठ घालू नका. जेवताना ताटात वेगळं मीठ वाढायची पद्धत मात्र घरातून बंदच करा. जिभेला नव्या चवीची सवय व्हायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरा.

आता आयोडीन. समुद्राचं मीठ म्हणजे त्यात आयोडीन आलंच, अशी अनेकांची समजूत असते. ती खरी नाही. मिठागरात पाणी आटून मिठाचे खडे बनतात, त्यात आयोडीन नगण्य राहतं. म्हणूनच ते कारखान्यात वेगळं मिसळावं लागतं. देशात गलगंडाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला, तो या मिश्रणाच्या बळावर. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं आणि गरोदर बाईला २५०, कारण पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते. जनावरांसाठी आणलेलं जाडं मीठ स्वयंपाकात वापरू नका. उपवासाचं सैंधव किंवा गुलाबी मीठ ‘नैसर्गिक’ म्हणून रोजच्या जेवणात आणायचा आग्रह सध्या वाढतो आहे; त्यात आयोडीन सहसा मिसळलेलं नसतं, सोडियम मात्र जवळपास तितकंच असतं. कमी सोडियमच्या मिठाबद्दलही एक सावधगिरी हवी: त्यात पोटॅशियम असतं, त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

वर्ध्याचं आणि मिठाचं नातं इतिहासातही आहे. ६ एप्रिल १९३० ला दांडीच्या किनाऱ्यावर चिमूटभर मीठ उचलणारे गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. तेच आजचं सेवाग्राम. त्या चिमटीत मातीचे कण असतील, पण प्लास्टिक नव्हतं. आज असतं. मुंबईच्या आयआयटीतले अमृतांशु श्रीवास्तव आणि चंदनकृष्ण सेठ यांनी २०१८ साली भारतीय समुद्री मिठाचे नमुने तपासले. त्यांत ६२६ सूक्ष्म प्लास्टिक कण सापडले. जवळपास ६३ टक्के तुकडे होते, बाकीचे तंतू. दिवसाला ५ ग्रॅम मीठ खाणाऱ्याच्या पोटात वर्षभरात सुमारे ०.११७ मिलिग्रॅम प्लास्टिक जाईल, असा त्यांचा हिशेब होता. समुद्राचं पाणी आधी वाळूतून गाळून घेतलं तर वजनानं ८५ टक्क्यांहून अधिक प्लास्टिक वेगळं होतं, हेही त्यांनी दाखवलं.

या आकड्यानं घाबरून मीठ सोडायचं कारण नाही. पण ही बाब क्षुल्लकही नाही. इटलीतल्या डॉक्टरांनी २०२४ साली मानेच्या धमनीतला मेदाचा थर काढलेल्या २५७ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ज्यांच्या थरात प्लास्टिक सापडलं, त्यांच्यात पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका साडेचारपट आढळला. प्लास्टिकमुळेच हे घडलं, असं त्या अभ्यासातून सिद्ध होत नाही. संशय घेण्याइतका पुरावा मात्र नक्कीच मिळतो.

मिठातले ते तंतू प्रामुख्यानं कृत्रिम धाग्यांचे असतात. पॉलिस्टरचा कपडा प्रत्येक धुण्यात असे बारीक धागे सोडतो, ते मोरीतून नालीत, नालीतून नाल्यात जातात. इथल्या नाल्यांचं पाणी शेवटी वर्धा नदीत जातं. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. कपाशीच्या या जिल्ह्यात, जिथे १९३८ सालापासून खादी-ग्रामोद्योगाचं मगन संग्रहालय उभं आहे, तिथे उन्हाळ्यात सुती कपडा घालायला डॉक्टरनं सांगावं लागू नये. तो घाम टिपतो, घामोळं कमी करतो, आणि त्याचा सुटलेला धागा कुजून मातीत मिसळतो.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर तोही समुद्राशी जोडलेला आहे. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्र गिळतो. तापलेल्या समुद्रावरून अधिक बाष्प उठतं, हवा दमट होते, मग घाम सुकत नाही आणि शरीर थंड होत नाही. मे महिन्यात शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्यांना चक्कर, पायात गोळे, मळमळ होऊ लागली तर त्यांना लगेच सावलीत न्या आणि ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात घोळून घोट-घोट पाजा. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, त्याहून जास्त नाही. माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला तर तोंडानं काही न देता अंगावर पाणी मारत थेट रुग्णालय गाठा. रक्तदाबाच्या रुग्णानं मात्र ‘ऊन लागू नये’ म्हणून रोज मिठाचं पाणी पिऊ नये.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं वर्षातून एकदा जवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घ्यावा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला तर उपचार टाळू नयेत. आणि मृग लागायच्या आधी घरापुढच्या नालीतल्या पन्न्या, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या काढून कचरागाडीत द्या. पहिला जोराचा पाऊस झाला की त्या वर्धा नदीच्या वाटेला लागतात.